अकरावीच्या मुलांना विमानतळ दाखवायचाय, पण आत न जाता. कुठे उभं राहू?

भूगोलवाली_ठाणे

नमस्कार. ठाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईहून विमानं उडायला लागली तेव्हापासून वर्गात दुसरा विषय नाही. निम्म्या मुलांनी टर्मिनलमधल्या कमळाच्या रील पाहिल्यात. ते कमळ कोणी रचलं, झाहा हदीद कोण होत्या, हे त्यांना मोबाइलवर सापडतं. त्यासाठी मी लागत नाही.

मला हवंय ते वेगळं. एवढा मोठा विमानतळ शहराच्या नकाशात येऊन बसतो तेव्हा आजूबाजूचं काय काय हलतं, हे मुलांना बाहेरून दाखवायचंय. एक दिवस, लोकल आणि पायी, डबा घरचा. चाळीसेक मुलं असतील. पाचच्या आत ठाण्यात परत, या अटीवर प्राचार्यांनी मान हलवलीय.

दोन गोष्टी सांगा. नेमकं कुठे उभं राहायचं? आणि जोडीला परदेशातली कोणती उदाहरणं घेऊ? पुस्तकात अटलांटा आणि दुबईचे प्रवासी आकडे आहेत. ते पाठ होतात, पण त्यातून शहर काही कळत नाही.

घणसोली_लोकल

मॅडम, पार्किंगच्या दरपत्रकासमोर उभं करा, सगळं नागरी अर्थशास्त्र एका फलकावर आहे.

गंमत सोडा. ठाण्याहून पनवेल लोकल पकडा, बेलापूरला उतरा आणि तिथून उरण लोकल. उरणच्या फेऱ्या मोजक्या आहेत, वेळापत्रक आधी बघून ठेवा. एक गाडी चुकली की पोरं फलाटावरच डबे उघडतील.

जुना_ट्रेसर_नेरुळ

मॅडम, हयात नगररचनेचे नकाशे काढण्यात गेली. सरकारी नोकर नव्हतो, एका खासगी सल्लागाराकडे ड्राफ्ट्समन होतो. ट्रेसिंग पेपर, रोट्रिंगचं पेन, रेघ चुकली की ब्लेडने अलगद खरवडायचं, आणि संध्याकाळी अमोनिया प्रिंटच्या वासाने डोकं धरायचं. हे अशासाठी सांगतोय की मला विमानतळ इमारत म्हणून दिसतच नाही. मला आधी त्याभोवतीची वर्तुळं दिसतात. तुमच्या मुलांनाही तीच दाखवा.

धावपट्ट्यांभोवती साधारण ४ किलोमीटरपर्यंत विमानतळाच्या पातळीहून ४५ मीटर, त्यापेक्षा उंच काही नको, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पुढच्या २ किलोमीटरमध्ये ही मर्यादा उतरत्या छपरासारखी, पण उलटी, वर चढत जाते: २० मीटर पुढे गेलात की १ मीटर जास्त. आपल्याकडे विमानतळ प्राधिकरण याचे रंगीत नकाशे काढतं आणि २० किलोमीटरच्या आतल्या बांधकामाला उंचीचा विचार लागतोच. धावपट्टीच्या टोकासमोरचा पट्टा तर आणखी कडक. तिथे ५० मीटर पुढे गेलं की कशीबशी १ मीटर उंची मिळते. गणित मुलांकडूनच करून घ्या: टोकापासून १ किलोमीटरवर घर असेल तर किती मजले? उत्तर सहाच्या पुढे जात नाही. याच पट्ट्याला आपल्या वर्तमानपत्रांत फनेल झोन म्हणतात. विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला इथल्या जुन्या सोसायट्यांना विचारा. चटईक्षेत्र कागदावर आहे, पण ते वर चढवायला आकाश नाही, म्हणून पुनर्विकास अडलेला.

म्हणून पहिला थांबा बेलापूरचा पारसिक हिल. शक्यतो सकाळी, ऊन तापायच्या आत. खाली बेलापूर, पुढे पनवेलची खाडी आणि पलीकडे विमानतळ. वर पोचल्यावर मुलांना आधी काय नाहीय ते विचारा. तिथे उलव्याचा डोंगर होता, नव्वदेक मीटर उंच. तो सुरुंग लावून फोडला आणि त्याच दगडाने खाजणाची जमीन भरून वर उचलली. उलवे नदीचं पात्र वळवलं. जागेवरून जाणाऱ्या अति उच्चदाब वाहिन्या हलवल्या. टर्मिनलची पहिली वीट ठेवायच्या आधीची ही कामं, आणि माझ्या मते प्रकल्पातला खरा भूगोल एवढाच. डोंगर, नदी आणि दलदल या तिन्हींनी जागा बदलली ती ११६० हेक्टरांवर.

मग विचारा, एवढी जागा कशाला? सांताक्रूझला दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. एकीवर विमान असलं की दुसरी गप्प. म्हणजे दोन असून कामाला एकच. इथल्या दोन धावपट्ट्या समांतर आखल्यात, प्रत्येकी ३७०० मीटर, आणि मधलं अंतर १५५० मीटर. दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमानं उतरवायची तर मधे किमान १०३५ मीटर लागतात. तेवढं अंतर सांताक्रूझच्या आसपास आता कुठून आणणार? जरीमरी, क्रांतीनगर भिंतीला टेकलेले. ९ कोटी प्रवाशांचा अंतिम आकडा सगळे छापतात, पण तो आकडा या मधल्या मोकळ्या जागेतून येतो. सध्याचं पहिलं टर्मिनल २ कोटींचं आहे.

दुसरा थांबा उलवे. बामणडोंगरीला उतरून इमारतींचे मजले मोजायला लावा. तुमची मुलं घोडबंदर रोडची असतील तर चाळीस मजले त्यांना नवे नाहीत. इथे धावपट्टीच्या जवळच्या सेक्टरांत तसले टॉवर का नाहीत, हे त्यांनीच सांगावं. तुम्ही गप्प बसा.

परदेशातलं एकच उदाहरण पक्कं करा: हाँगकाँगचा काई टाक. काउलूनच्या दाट वस्तीला लागून, धावपट्टी समुद्रात घुसवलेली. एका बाजूने उतरताना वैमानिक टेकडीवर रंगवलेले लाल-पांढरे चौकोन बघून वळण घ्यायचा आणि घरांच्या गच्च्यांवरून खाली यायचा. ६ जुलै १९९८ ला तो बंद झाला, दूर बेट सपाट करून केलेला नवा विमानतळ सुरू झाला आणि त्याच दिवशी शहरातून तिथवर जाणारी जलद रेल्वेही. हा शेवटचा भाग फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. पुढे काउलूनमधली उंचीची बंधनं सैल झाली आणि जुन्या धावपट्टीच्या टोकाला जहाजांचं टर्मिनल उभं राहिलं.

उलवेकरीण

ताई, पारसिक हिलवरून सगळं छान दिसतं, फक्त माणसं दिसत नाहीत. म्हणून आमच्याकडेही या.

माझं माहेर तरघरच्या बाजूचं. आता घर वहाळला, पुनर्वसनाच्या भूखंडावर. एकूण १० गावं उठली: तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, वाघिवली वगैरे. काही घरं इकडे वहाळला आली, काही वडघर-करंजाडेकडे पुष्पकनगरात गेली. भाऊबंद दोन दिशांना. पूर्वी आरती झाली की अख्खी आळी एका पडवीत जेवायची, आता मधे हायवे.

काका म्हणाले "खाजण". बरोबर आहे, पण त्या खाजणात शेती होती हे मुलांना सांगा. खाडीच्या कडेने मातीचे बांध, बांधाला उघाडी. भरतीला उघाडीचं दार पाण्याच्या दाबाने बंद व्हायचं आणि ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर. वीज नाही, पंप नाही. आत भात व्हायचा आणि तळ्यात जिताडा मासा. माझे आजोबा पंचांग बघून भरती सांगायचे: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. अष्टमी असेल तर सहाच्या सुमारास पूर्ण भरती. तुमची सहलीची तारीख ठरली की मुलांना हे गणित घाला आणि पुलावरून लोकल जाताना पाणी कुठवर आलंय ते ताडून बघायला सांगा.

भराव झाल्यावर पाण्याच्या वाटा बदलल्या. भरावाच्या बाहेर राहिलेल्या डुंगी गावात पावसाळ्यात पाणी शिरायला लागलं, बातम्यांत आलं होतं. वर उचललेल्या जमिनीवरचं पाणी कुठेतरी उतरणारच ना.

आणि जानेवारी १९८४. जासई आणि आसपास दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली जमिनीसाठी आंदोलन झालं, गोळीबारात ५ जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्यातून आली. विमानतळासाठी तो आकडा साडेबावीस झाला. विधिमंडळाने २०२२ मध्ये विमानतळाला त्यांचं नाव द्यायचा ठराव का केला, हे मुलांना कळायचं तर सुरुवात इथून करा. अकरावीची मुलं लहान नाहीत.

बायाबापड्यांशी बोलायचं असेल तर आधी कळवा. बारानंतर नको, जेवणं असतात. चहा आमच्याकडून.

भूगोलवाली_ठाणे

उलवेकरीण ताई, मनापासून आभार. भरतीचं गणित मला ठाऊकच नव्हतं, आणि मी भूगोल शिकवते! वहाळ नक्की घेतेय.

काका, आणखी तीन शंका. जमिनीसाठी आंदोलन हा विषय घेताना "हे इथलंच" असं न वाटता जगात इतरत्रही झालंय हे दाखवता येईल असं उदाहरण आहे का? दुसरं, मुलं हमखास विचारतील, जुना विमानतळ चालूच आहे तर दुसरा कशाला, आणि उद्या एखादा रिकामा पडला तर? तिसरं, एका मुलीने फ्लेमिंगोंवर प्रकल्प घेतलाय. तिचा थांबा कुठे बसवू?

घणसोली_लोकल

रिकामा पडेल म्हणता? दिवाळीत सांताक्रूझच्या रांगेत उभं राहून बघा, मॅडम. बंगळुरू आणि हैदराबादने २००८ मध्ये नवा सुरू करताना जुना प्रवासी विमानांसाठी बंद केला, कारण तसा करारच होता. मुंबईत दोन्ही चालणार आणि दोन्ही भरणार. काका आता कॅनडाची गोष्ट काढतील, मला माहीत आहे.

जुना_ट्रेसर_नेरुळ

काढणारच. पण आधी जपान.

नारिता. १९६६ मध्ये सरकारने टोकियोच्या नव्या विमानतळासाठी तिथल्या शेतकऱ्यांना न विचारता जागा ठरवली. सानरिझुका भागातले शेतकरी उभे राहिले, विद्यार्थी त्यांना मिळाले, वर्षानुवर्षं लढाई झाली. मार्च १९७८ मध्ये उद्घाटनाला काही दिवस असताना आंदोलकांनी नियंत्रण मनोरा फोडला, म्हणून विमानतळ मे महिन्यात उघडला, तोही एका धावपट्टीवर. दुसरी २००२ मध्ये आली, तीही आखलेल्या लांबीपेक्षा आखूड, २१८० मीटर, कारण काही शेतकऱ्यांनी जमीन सोडलीच नव्हती. उपग्रहाच्या चित्रात विमानांच्या वाटेला पडलेलं वळण आणि मधे राहिलेली शेतं मुलांना मोबाइलवर दाखवा. जमिनीचा वाद कुठल्या भाषणाशिवाय समजतो. प्राचार्यांनाही चालेल, जपान आहे.

नारिताचं दुसरं शिकण्यासारखं: टर्मिनलच्या पोटात रेल्वे स्टेशनची जागा आधीपासून राखलेली होती, जलद गाडीसाठी. ती गाडी आलीच नाही. विमानतळाची म्हणून जी रेल्वे होती तिचं स्टेशन टर्मिनलपासून लांब, प्रवासी उतरून बसने जायचे. थेट टर्मिनलखाली गाडी पोचली १९९१ मध्ये. तेरा वर्षांनी. तरघरला लोकलमधून डावीकडच्या खिडक्यांतून विमानतळ दिसेल तेव्हा हे सांगा. आपलं सर्वांत जवळचं लोकल स्टेशन ते, आणि तिथून पुढे परत वाहन. दोन विमानतळांना जोडणारी मेट्रो ८ यायचीय, ठाण्याहून उन्नत मार्ग यायचाय. बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून चालते खरी, पण ती तळोज्याच्या बाजूला जाते. अटल सेतू जानेवारी २०२४ ला उघडला. म्हणजे गाडी असलेल्या माणसाची सोय विमानाच्या आधी झाली आणि लोकलवाल्याला शेवटच्या टप्प्याला बस किंवा रिक्षा. हा क्रम मला खटकतो. काई टाकच्या वेळी मोठ्या अक्षरात लिहा म्हटलं ते याचसाठी.

आता मिराबेल. माँट्रियलच्या दुसऱ्या विमानतळासाठी कॅनडाने १९६९ मध्ये साधारण ३९,००० हेक्टर जमीन घेतली. अख्खी नवी मुंबई ३४४ चौरस किलोमीटर, म्हणजे ३४,४०० हेक्टर. एका विमानतळासाठी नवी मुंबईपेक्षा मोठा तुकडा! १९७५ मध्ये तो उघडला. परदेशी विमानं तिकडे, देशातली जुन्या दोर्व्हालला, दोन्हींमधे वेळेत रेल्वे झाली नाही आणि महामार्गही अर्धवट राहिला. विमान बदलायचं तर प्रवाशाने गाडीत बसून दुसऱ्या विमानतळावर जायचं. लोकांनी टोरंटोहून जाणं पसंत केलं. २००४ मध्ये मिराबेलची शेवटची प्रवासी फेरी झाली, पुढे टर्मिनल पाडलं. जमिनीचा फार मोठा भाग शेतकऱ्यांना परत विकावा लागला.

घणसोलीकर, तुमचं म्हणणं मला मान्य आहे, मुंबईत प्रवासी कमी पडणार नाहीत. माँट्रियलला ते कमी पडत गेले, हा मोठा फरक. पण मिराबेल गर्दीअभावी जेवढा मेला तेवढाच दोन विमानतळांमधल्या रस्त्याने मेला. सांताक्रूझला उतरून नवी मुंबईहून पुढचं विमान धरणारा माणूस चेंबूरला अडकला तर त्याला तुमची दिवाळीची रांग काय उपयोगाची? टोकियोतही लोकांना जवळचा हनेडाच हवा होता. शेवटी २०१० मध्ये तिथे परदेशी विमानांसाठी नवं टर्मिनल उघडलं. जवळचा विमानतळ हातचा सोडायला कुठलंच शहर राजी नसतं. बर्लिनने टेंपेलहोफ २००८ मध्ये बंद केला, तर २०१४ मध्ये लोकांनी मतदान करून तिथे इमारतीच उठू दिल्या नाहीत. तीनशेहून जास्त हेक्टरांचं मैदान, धावपट्टीवर लोक सायकली फिरवतात. मुंबईत एवढी मोकळी जमीन सुटली तर काय होईल, यावर मुलांत वाद लावून द्या. मजा येईल.

मला स्वतःला काळजी आहे ती भिंतीबाहेरच्या नैना या नियोजन क्षेत्राची. २०१३ मध्ये विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी २७० गावं अधिसूचित केली. पुढे त्यातली काही इतर प्राधिकरणांकडे गेली. तिथली पद्धत नगररचना परियोजनांची: मालकाने जमीन द्यायची, ४० टक्के विकसित भूखंड परत घ्यायचा, बाकीत रस्ते, बागा आणि शाळा. कागदावर ही पद्धत सरसकट संपादनापेक्षा चांगली, आणि मी असे अंतिम भूखंड हाताने आखलेत. पण रस्ता कागदावरून जमिनीवर यायला जेवढी वर्षं लागतात तेवढी वर्षं शेतकऱ्याला घराला एक खोलीही वाढवता येत नाही. पनवेलच्या पलीकडे कुठल्याही गावात जा, गावठाणाच्या बाहेर अर्धवट पिलर दिसतील. वेळ उरला तर तो तिसरा थांबा करा, नाहीतर पुढच्या वर्षी.

फ्लेमिंगोवाल्या मुलीसाठी आमच्या नेरुळचा डीपीएस तलाव. खाडीला पूर्ण भरती असली की पक्षी तिकडे येऊन बसतात, म्हणून उलवेकरीणबाईंचं तिथीचं गणित तिला उपयोगी. विमानतळाशी संबंध सरळ आहे. मे २०२४ मध्ये घाटकोपरला उतरत्या विमानाला धडकून जवळपास ४० फ्लेमिंगो मेले. काही लोक म्हणतात, पाणथळी बुजवा म्हणजे पक्षी जातील. पक्षी नाहीसे होत नाहीत, बसायची जागा गेली की दुसरी शोधत हवेत फिरतात, आणि हवेतच तर विमान आहे. तिला आणखी एक नियम द्या: विमानतळाच्या १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरं कापायला मनाई आहे, घारी-कावळे जमतात म्हणून. कचराकुंड्यांचे फोटो तिने काढून आणावेत. विमानतळाच्या भिंतीचे मात्र कोणीच काढू नयेत, सुरक्षावाले चाळीस मोबाइल जमा करतील.

उलवेकरीण

काका, पिलरचं अगदी खरं. आमच्या मामाच्या घरावर सळया तशाच आहेत, मामी त्यांना पापडाची दोरी बांधते.

भूगोलवाली_ठाणे

ठरलं. ठाणे ते बेलापूर, पारसिक हिल, मग बेलापूरहून उरण लोकल, बामणडोंगरीला मजले मोजायचे आणि तिथून बाराच्या आत वहाळ. परतीत नेरुळला फक्त फ्लेमिंगोवाला गट उतरेल, सोबत एक सहकारी शिक्षिका. नैना पुढच्या वर्षी. नारिता आणि मिराबेल आदल्या दिवशी वर्गातच उरकते. तारीख तिथी बघून कळवते.

पारसिक हिल बेलापूर स्टेशनवरून चालत की रिक्षाने?

घणसोली_लोकल

चालत. चढ आहे, पण चाळीस पोरांना किती रिक्षा लागतील त्याचा हिशोब केलात तर पार्किंगचं दरपत्रक स्वस्त वाटेल. पाणी खालूनच भरून घ्या.